कर्ज फिटत नाही, नादारीचा अर्ज करावा का? सांगली-साताऱ्यातल्या कर्जदारासाठी

आपल्याकडं कुणाचं कर्ज थकलं की सल्ला देणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, "कोर्टात दिवाळं जाहीर कर, सगळं माफ होतंय." दुसरा म्हणतो, "तसलं काही नसतं, ते कंपन्यांचं काम." दोघांचंही मनावर घेऊ नका. साध्या माणसासाठी नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचा कायदा आहे आणि तो आजही चालू आहे. मात्र तो सगळं माफ करत नाही, अर्ज टाकल्या दिवशी काही थांबवत नाही, आणि लपवाछपवी त्याला अजिबात खपत नाही.

२०१९ च्या महापुरात सांगलीतलं आमचं कापडाचं दुकान पाण्याखाली गेलं, २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि त्यानंतरच्या देण्यांमुळं मला कोर्टाची ही वाट चालावी लागली. मी वकील नाही. वकिलासमोर बसण्याआधी कर्जदाराला जे माहीत असायला हवं, तेवढंच इथं लिहितोय.

१. आपल्याला कोणता कायदा लागू होतो ते आधी बघा

मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेची भरपूर माहिती सापडते. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला 'नव्यानं सुरुवात' करता येईल, असं त्या संहितेत आहे खरं. पण सर्वसामान्य व्यक्तींसाठीचा तो भाग सरकारनं अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुमचं दुकान, पगार, शेती किंवा क्रेडिट कार्डाचं कर्ज असेल तर ती संहिता बाजूला ठेवा. त्या नावाखाली कुणी फी मागितली तर उठून या.

आपल्याला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळं मुंबईच्या पाहुण्यानं सांगितलेली पद्धत इथं जशीच्या तशी चालत नाही. अर्ज तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता त्या भागाच्या न्यायालयात करायचा. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा, म्हणजे सांगलीकरांना विजयनगर, सातारकरांना सातारा. विटा, तासगाव, कराड, फलटणकडच्या माणसानं आपल्या भागाचा अर्ज कुठं दाखल होतो हे वकिलाकडून पक्कं करून घ्यावं.

२. सगळी देणी एका कागदावर मांडा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच आहे. वहीत रकाने आखा: कुणाचं देणं, मुद्दल किती, आजची बाकी किती, तारण काय, जामीनदार कोण, शेवटचा भरणा कधी. मग प्रत्येक देणं कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

तारणाचं कर्ज. घर, गाडी, सोनं, दुकानातला माल. नादारीनं हे तारण वाचत नाही. तारण विकून पैसे वसूल करायचा बँकेचा हक्क १९२० च्या कायद्यानं तसाच ठेवलाय. घरकर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक होतं, मग सरफेसी कायद्याची (दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहुतेक जण नोटीस कपाटात टाकतात आणि तिथंच हातातली वेळ जाते. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. म्हणून जमीन सुरक्षित, असं मात्र समजू नका. पुढचं वाचा.

पतसंस्था आणि सोसायटी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत निम्मं गाव कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचं देणं लागत असतं. पतसंस्था सहसा दिवाणी दावा लावत बसत नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेते, आणि मग वसुली अधिकारी जमीन, घर, गाडी जप्त करून लिलावाला काढू शकतो. हा दाखला निघण्याआधी निबंधकाची नोटीस येते. जे म्हणायचंय ते त्याच तारखेला जाऊन लेखी म्हणा: व्याज चुकीचं लावलंय, भरलेले हप्ते जमा दिसत नाहीत, काहीही. कारण दाखला निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूल व्हायच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ज्याच्याकडं हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी रक्कम कुठून आणणार?

विनातारण कर्ज. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, फायनान्स कंपनीचे हप्ते. नादारीचा खरा उपयोग इथंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा नातेवाइकांसमोर बदनामी करायची नाही. केली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी त्या संस्थेकडं लेखी तक्रार करा, दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्याला पैसे लागत नाहीत. मोबाइल अ‍ॅपवाल्यानं फोटो बदलून धमकावलं तर तो सायबर गुन्हा आहे, १९३० वर फोन करा.

सावकार. आधी एकच प्रश्न विचारा: परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महिना पाच-दहा टक्क्यांचा धंदा सरळसरळ बेकायदा आहे, आणि विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. कर्जापोटी जमीन खरेदीखतानं लिहून घेतली असेल आणि त्याला १५ वर्षं झाली नसतील, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून ती परत मिळवता येते. हे करायला नादारी घ्यावी लागत नाही. माझं मत विचाराल तर सावकाराचा विषय असेल त्यानं आधी हे उपनिबंधक कार्यालय गाठावं, कोर्ट नंतर.

चेक आणि ऑटो डेबिट. सही करून दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ चा फौजदारी खटला होतो. नादारीनं तो थांबत नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर गुन्हा होत नाही. तेवढे पैसे नसतील तरी वकिलामार्फत उत्तर द्या. खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी तसाच खटला होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हात उसने, भिशी, मेहुण्याचे पैसे. हेही कागदावर आलेच पाहिजेत. घरचं म्हणून वगळायचं नाही.

सरकारी देणी आणि पोटगी. नादारीतून मुक्तता मिळाली, म्हणजे कोर्टानं उरलेल्या देण्यांतून मोकळं केलं, तरी ही फिटल्याशिवाय सुटत नाहीत.

३. जामीनदाराला आजच सांगा

कायदा स्पष्ट आहे: कर्जदार नादारीतून मोकळा झाला तरी त्याचा जामीनदार मोकळा होत नाही. उलट तुमच्याकडून वसुलीची आशा संपली की संस्था पहिल्यांदा त्याच्याकडं वळते. आपल्याकडं जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा प्राथमिक शिक्षक, कारखान्यातला कामगार किंवा चुलतभाऊ, कारण संस्थेला पगाराची पावती हवी असते. त्याच्या पगारातून कपात सुरू झाल्यावर त्याला कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं. तो चिडेल. चिडू द्या. पण तडजोडीची बोलणी त्याला बरोबर घेऊन केली तर बऱ्याचदा रक्कम खाली येते, कारण संस्थेलाही पैसे देणारा माणूस समोर दिसतो.

४. नादारीआधी तडजोड करून बघा

एकरकमी परतफेड योजना बँका आणि पतसंस्थांकडं अधूनमधून असते. बोलणी तोंडी चालतील, पण पैसे भरायचे ते मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच. पत्रात तीन गोष्टी बघा: एकूण किती रकमेत खातं बंद, कधीपर्यंत भरायचे, आणि एक हप्ता चुकला तर काय. पुष्कळ पत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की चुकल्यास सूट रद्द आणि जुनं व्याज परत लागू. उसने काढून पहिला हप्ता भरायचा आणि दुसऱ्याला हात वर करायचे, यासारखं नुकसानीचं काम नाही.

पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला घ्या. जमिनीवर बोजा असेल तर तो दाखला तलाठ्याकडं देऊन सातबाऱ्यावरून बोजा उतरवून घ्या, हे आपोआप होत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनीनं घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा. तिथं सही करेपर्यंत काहीच बंधनकारक नसतं. सही केली की मात्र तो कोर्टाचा हुकूमनामाच, म्हणजे दाव्याचा पक्का निकाल, आणि त्यावर अपील नाही. म्हणून जमेल तेवढ्याच आकड्यावर सही करा.

एक सापळा इथंच सांगतो. विनातारण पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुदत सरत आली की वसुलीवाला गोड बोलून "नुसतं हजार रुपये भरा" किंवा "बाकी कबूल आहे एवढंच लिहून द्या" म्हणतो. त्यानं मुदत नव्यानं सुरू होते. फेडायची इच्छा असेल तर जरूर फेडा, पण न वाचता सही नको.

५. अर्ज कुणाला करता येतो

देणी फेडता येत नाहीत, आणि पुढच्या तीनपैकी एक गोष्ट लागू आहे: देणी ५०० रुपये किंवा जास्त आहेत; किंवा पैशाच्या हुकूमनाम्यावरून तुम्हाला अटक झालीय; किंवा अशा हुकूमनाम्यावरून तुमच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू आहे. ५०० चा आकडा १९२० चा आहे, कुणी बदललाच नाही. आज तेवढ्यात घरचा गॅससुद्धा येत नाही.

अटकेवरून आठवलं. "पोलीस येऊन उचलतील" ही वसुलीवाल्यांची आवडती धमकी. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस कुणाला नेत नाहीत. दिवाणी कैद असते, पण तीही कोर्ट नोटीस देऊन, ऐकून घेऊन, ऐपत असताना पैसे दडवलेत अशी खात्री झाली तरच. ऐपतच नसलेल्याला केवळ न फेडल्याबद्दल कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलंय. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही.

६. कागद गोळा करा

अर्जात काय हवं ते कायद्यानंच सांगितलंय, त्याप्रमाणं कागद लावा:

– प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, पत्ता आणि रक्कम (वरच्या वहीवरून)
– कर्ज मंजुरीपत्रं, खातेउतारे, नोटिसा, दाव्यांचे आणि दरखास्तीचे (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जांचे) क्रमांक
– मालमत्तेची यादी अंदाजे किमतीसह: सातबारा, ८-अ, सिटी सर्व्हे उतारा, गाडीचं पुस्तक, विमा, भागभांडवल, भिशी
– तुम्हाला लोकांकडून येणं असलेली उधारी
– सगळ्या बँक खात्यांचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रं, जीएसटीचे कागद
– हिशेबाच्या वह्या. व्यापारी असाल तर मागच्या ३ वर्षांच्या
– आधी कधी नादारीचा अर्ज केला होता का, त्याचं काय झालं
– आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा

पुरात वह्या गेल्या असतील तर पंचनाम्याची नक्कल काढा. तलाठी किंवा महापालिकेकडून ती मिळते, आणि वह्या का नाहीत याचं ते सगळ्यात भक्कम उत्तर आहे. कर्ज नेमकी कोणाकोणाची आहेत याची खात्री नसेल तर क्रेडिट अहवाल काढा, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. पतसंस्था आणि सावकार त्यात दिसतीलच असं नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, ते न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास. फोन १५१००.

७. अर्ज टाकण्याआधी काही 'वाचवू' नका

गावात सगळ्यात जास्त मिळणारा आणि सगळ्यात घातक सल्ला: "घर बायकोच्या नावावर कर, जमीन भावाला लिहून दे, मग जा कोर्टात." अर्जाआधीच्या २ वर्षांत पुरेसा मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकतं माप देऊन पैसे चुकते केले, मग तो सख्खा मेहुणा का असेना, तर तेही उलटवता येतं. मालमत्ता किंवा वह्या लपवणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली नोंद कुणालाही शोधता येते. धनकोचा वकील पहिली तीच शोधतो.

लपवायची गरजही वाटते तेवढी नसते. अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं, शेतकरी स्वतः राहतो ते घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे, पगाराचा मोठा हिस्सा या गोष्टी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं जप्तीबाहेर ठेवल्यात, आणि त्या नादारीतही तुमच्याकडंच राहतात. घर तारण दिलेलं असेल तर मात्र ही सूट कामाला येत नाही.

८. अर्ज ते आदेश

अर्ज दाखल झाला की कोर्ट सुनावणीची तारीख ठरवतं आणि धनकोंना नोटिसा जातात. पत्ते चुकीचे असतील तर नोटिसा परत येतात आणि तारखांवर तारखा पडतात, म्हणून पत्त्यांवर वेळ घालवा. एकदा टाकलेला अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. मधल्या काळात कोर्ट हंगामी रिसीव्हर, म्हणजे तुमची मालमत्ता सांभाळणारा माणूस, नेमू शकतं.

आणि पुन्हा सांगतो, नुसत्या अर्जानं जप्ती आपोआप थांबत नाही.

सुनावणीला तुमची तपासणी धनकोंसमोर होते: पैसे कुठं गेले, धंदा कधी बंद पडला, सोनं कुठंय, लग्नात किती खर्च केला. आवाज चढवू नका, आकडे वहीत बघून सांगा. फेडता येत नाही हे तुम्हाला प्रथमदर्शनी दाखवता आलं तरी पुरतं, पण गैरहजर राहिलात किंवा वह्या दिल्या नाहीत तर अर्ज फेटाळला जातो.

९. नादार जाहीर झाल्यावर

आदेश राजपत्रात छापून येतो. तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि नादारीत दाखवण्याजोग्या देण्यासाठी धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. आधीपासून चालू असलेले दावे मात्र तिथं आदेशाची नक्कल दिल्यावर ते कोर्ट ठरवेल त्याप्रमाणं थांबतात किंवा चालतात. म्हणून नकलेच्या जास्त प्रती घ्या. अटकेपासून संरक्षणाचा आदेश वेगळा मागावा लागतो, वकिलाला आठवण करा.

मुक्तता मिळेपर्यंत नव्यानं मिळालेली मालमत्ताही रिसीव्हरकडं जाते. वडील वारले आणि वाटणीत गुंठाभर जमीन आली तरी कळवावं लागतं. नादार असल्याचं न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणं हासुद्धा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. ग्रामपंचायत, पालिका, विधानसभेला उभं राहता येत नाही. लोक बोलतील ते वेगळं. झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

१०. मुक्ततेचा अर्ज विसरू नका

नादार जाहीर झालं म्हणजे काम संपलं असं समजून लोक घरी बसतात. आदेशातच एक मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करायचा असतो. नाही केला तर आदेश रद्द होऊ शकतो, सगळे धनको परत मोकळे, आणि नवा अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

मुक्तता देताना कोर्ट तुमचं वागणं बघतं. विनातारण देण्यांच्या रुपयामागं ५० पैसेही मालमत्तेतून निघत नसतील, आणि त्याला तुम्ही जबाबदार नाही हे पटलं नाही, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. जुगार, ऐपतीबाहेरचा खर्च, फेडता येणार नाही हे ठाऊक असून काढलेलं कर्ज, वह्या न ठेवणं, हे सगळं इथं आड येतं. पूर, आजारपण, भाव पडणं याचे कागद इथंच कामाला येतात: पंचनामे, दवाखान्याची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या. द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाला असेल तर पोलिसांत दिलेल्या फिर्यादीची नक्कलही लावा. काही वेळा कोर्ट पुढच्या कमाईतून ठरावीक रक्कम द्यायच्या अटीवर मुक्तता देतं.

जिल्हा न्यायालयाच्या आदेशावर उच्च न्यायालयात जायचं झालं तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडं आहेत.

मुक्ततेचा आदेश मिळाला की प्रमाणित प्रती काढून प्रत्येक धनकोला रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोहोच जपा. क्रेडिट अहवालात जुनी बाकी तशीच दिसत असेल तर त्या कंपनीकडं आदेशाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. फायनान्स कंपन्या जुनी खाती वसुलीवाल्यांना विकतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून पुन्हा हप्ता मागायला फोन येतो. तेव्हा फोनवर काहीही कबूल न करता लेखी नोटीस पाठवायला सांगायचं, आणि नोटीस आली की आदेशाची एक प्रत तिकडं धाडायची.